समुद्र परत देईपर्यंत

काशीदला सुरूच्या बनाच्या अलीकडे सुचिता आणि गणराज ठाकूर यांचं घर आहे. निसर्ग वादळात त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत गणराजने दोन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. सुचिता जेवण करायची. तिचं सुरमईचं कालवण लोकांना आवडायचं, पण तिचं नाव झालं ते कुकीजमुळे. मोबाईलवर बघून बघून ती शिकली होती. वरून कोकोचं काळं, खुसखुशीत आवरण आणि फोडलं की आतून वाहणारं चॉकलेट. आधी पाहुण्यांची मुलं मागून घेऊ लागली, मग मुरूडपर्यंतची रिसॉर्ट डबे मागवू लागली.

तिची सासू मनुबाई त्यांना अजून बिस्कुटंच म्हणायची. "चांगली हायती," ती म्हणायची, "पन पोट भरत न्हाय."

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सुचिताकडे चार मुलं उतरली. नवी मुंबईतल्या एका गोदामात कामाला होती सगळी. त्या संध्याकाळी त्यांतला एक स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. उंच, सडपातळ, हसरा. नाव निकेत, असं त्याने सांगितलं.

"वहिनी, उद्या निघताना एक डबा मिळेल का त्या कुकीजचा? घरी न्यायचाय. आईला दाखवायचंय, बिस्किटातपण सारण भरतात म्हणून."

"आई कुठे असते?"

"माणगावच्या आत, गावी. तिच्या करंज्या बघा तुम्ही. तळताना एकपण उघडत नाही."

सुचिता तेव्हा गोळे वळत होती. त्याने हात धुतले आणि न विचारता शेजारी बसला. गार करून घट्ट केलेल्या चॉकलेटच्या गोळ्या पिठाच्या पारीत ठेवायच्या आणि पारी वर आणून बंद करायची, एवढंच काम. त्याने केलेल्या सगळ्या वेड्यावाकड्या झाल्या. तो स्वतःच त्यांना हसला. बाहेर बाकीचे बाटल्या उघडून बसले होते. त्यांनी दोनदा हाक मारली, तरी तो आत बसून राहिला. "मी घेत नाही," तो सहज म्हणाला. "मला गाडी चालवायची असते ना."

रविवारी सकाळी कुकीज भाजायला घेतल्या आणि वीज गेली. ओव्हन थंड पडला. निकेत येऊन म्हणाला, "थांबतो आम्ही. तोवर समुद्रावर जाऊन येतो." गणराजने त्याला आणि बाकीच्यांना अंगणातच सांगितलं की ओहोटी लागलीये, गुडघ्याच्या वर जायचं नाही. काशीदची वाळू पांढरी, दिसायला मऊ, पण उतार फसवा आहे. चार पावलं पुढे गेलं की पायाखालची जमीन संपते. हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि प्रत्येक पाहुणा मान डोलवायचा.

वीज दुपारच्या आधी आली. सुचिताने कुकीज भाजल्या, डब्यात भरल्या आणि मुलांना उशीर झाला म्हणून स्वतःच डबा घेऊन बनातून किनाऱ्याकडे निघाली. म्हणून तिने ते पाहिलं.

एक मुलगा पाण्यात फार पुढे गेला होता आणि हात वर करत होता. तो ऋत्विक होता, सकाळीही पुन्हा प्यालेला, तिघांत सगळ्यात जास्त. दोघं काठावर ओरडत उभे होते. निकेत वाळूवर कपड्यांजवळ बसला होता. तो उठला, चप्पल काढली आणि धावत पाण्यात शिरला. सुचिताही ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. गणराज आणि बोटीवाले ट्यूब आणि दोर घेऊन धावले. त्यांनी फेकलेली ट्यूब ऋत्विकच्या हाताला लागली आणि त्यांनी त्याला ओढून आणला. निकेतचं डोकं एकदा दिसलं, खूप लांब. मग दिसलं नाही.

डबा सुचिताच्या हातून कधी पडला ते तिला कळलं नाही. परत फिरताना तिने पाहिलं तर किनाऱ्यावरची कुत्री कुकीज खात होती.

संध्याकाळच्या आत निकेतचे आईवडील आले. वडील रामचंद्र मुंबईत एका इमारतीवर रखवालदारीला होते, ते रस्त्यात बायकोला भेटले आणि दोघं भाड्याच्या गाडीने आले. आईचं नाव नलू. लहानखुरी बाई, पदर डोक्यावरून घेतलेला, हाताला चण्याच्या पिठाचा वास. लाडवांचं पीठ भाजताना तिला फोन आला होता. ती रडत नव्हती. गाडीतून उतरली, समुद्राच्या आवाजाकडे एकदा मान वळवली आणि त्याच्याकडे पाठ करून ओटीवर बसली.

"तो तर डुटीवर व्हता," ती म्हणाली. "मला म्हनला, रविवारीबी डुटी हाय."

ऋत्विकला डॉक्टरांनी तपासून सोडलं होतं. पोलिसांनी चौकशी होईपर्यंत थांबायला सांगितलं, म्हणून तो खोलीत चादर पांघरून बसला होता. बाकीचे दोघं पोलिसांबरोबर गेले होते. तिघांनी एकच सांगितलं होतं. निकेत पोहायला गेला. आम्ही नको म्हणत होतो. त्याने ऐकलं नाही. ऋत्विक त्याला धरायला गेला आणि तोही ओढला गेला.

रामचंद्रांनी ते खाली मान घालून ऐकलं. "ऐकायचा न्हायच तो," ते म्हणाले. "लहानपनापासून न्हाय ऐकायचा." मग पोलिसाला हळूच विचारलं, "प्यालेला व्हता का?" पोलिसाने खांदे उडवले.

सुचिता दारात उभी होती. तिने गणराजकडे बघितलं. त्याने तिला मागच्या पडवीत नेलं.

"काही बोलू नकोस," तो म्हणाला.

"अहो, पण उलटं झालं सगळं. मी बघितलंय. तुम्हीही बघितलंय."

"बघितलंय. मग काय? सांगितलं तर पोरगा येणार आहे परत? ती पोरं उलटतील, आपल्यावर घालतील. आपल्याकडे प्यायले, आपण जाऊ दिलं. दिवाळीचा सीझन तोंडावर आहे, सुचिता. आधी मिळू तर दे त्याला."

गणराज वाईट माणूस नव्हता. त्या दिवशी त्याचे तळहात दोराने सोलून निघाले होते आणि तो पुन्हा होडी घेऊन जायच्या तयारीत होता. सुचिता गप्प राहिली.

मनुबाई नलूजवळ जाऊन बसली. तिने समुद्रात दीर गमावला होता आणि पुढे एक भाचाही. "समुद्र ठेवून न्हाय घेत, बाय," ती म्हणाली. "परत देतो. नांदगावकडं देतो न्हायतर कोर्लईकडं. पन देतो." एरवी कुणाला सांगू नये असं ते सांत्वन होतं. नलूने मात्र मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बोटी पुन्हा गेल्या. रामचंद्र किनाऱ्यावर उन्हात बसून राहिले. नलू घरातून हलेना. चहा दिला की घ्यायची, जेवण तसंच ठेवायची.

सुचितापुढे आणखी एक अडचण होती. एका रिसॉर्टची दिवाळीची मोठी ऑर्डर द्यायची होती. पीठ मळून फ्रीजमध्ये होतं, चॉकलेटच्या गोळ्या तयार होत्या. तिला लाज वाटत होती. ज्या घरात एक बाई मुलाच्या प्रेताची वाट बघत बसलीये, त्या घरात गोडाचा वास कसा सुटू द्यायचा? तिने मनुबाईला विचारलं.  ती म्हणाली, "दार लोटून घे नि कर."

पण दार लोटून वास थांबत नाही. पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि थोड्या वेळाने दार उघडून नलू आत आली.

"मावशी, माफ करा," सुचिता घाईने म्हणाली. "बंद करते. ऑर्डर होती, म्हणून…"

"कशाचा वास ह्यो?"

"चॉकलेटचा. कुकीज आहेत. बिस्किटं."

नलूने ओट्यावरचे गोळे बघितले. मग पाट ओढला आणि बसली. "मला काय तरी करायला दे. तिकडं बसून डोकं फुटतं माजं. तो आवाज सारखा येतो."

सुचिताने पिठाचा गोळा पुढे केला. नलूने हात धुतले, पारी केली, चॉकलेटची गोळी आत ठेवली आणि अंगठ्याने कडा वर आणून मिटवली. सांधा कुठे आहे ते दिसेना. उकाड्याने पीठ चिकट झालं होतं तरी तिच्या हाताला लागत नव्हतं.

"करंजीवानीच की," ती म्हणाली.

"हो. नीट मिटली नाही तर आतलं बाहेर येतं आणि करपतं."

दोघी काम करत राहिल्या. एक ट्रे निघाला, दुसरा गेला. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. नलू मान वर न करता म्हणाली, "तू बघितलं व्हतं का त्याला? आदुगर?"

"हो. इथे आला होता. तुम्ही बसलाय तिथेच बसला होता."

नलूचे हात थांबले.

"तुमच्या करंज्यांबद्दल सांगत होता," सुचिता म्हणाली. "तुम्हाला दाखवायला डबा न्यायचा होता त्याला." आणि मग तिला स्वतःला थांबवता आलं नाही. "मावशी, तो प्यायला नव्हता. बाकीचे प्यायले होते. तो इथे माझ्याशी बोलत बसला होता. सकाळी वीज गेली, डबा तयार झाला नाही, म्हणून ते समुद्रावर गेले. आणि निकेत पोहायला नाही गेला. तो वाळूत बसला होता. ऋत्विक बुडत होता, म्हणून तो धावला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

तिला वाटलं, बाई आता रडेल. निदान आपला मुलगा कसा होता हे ऐकून तिला कुठेतरी बरं वाटेल. नलू तिच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू कठीण झाला.

"त्याला कुनी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली.

"मावशी…"

"कुनी सांगितलं व्हतं त्याला जायला? पवायला येत न्हाय त्याला. आमच्याकडं नदीबी न्हाय धड. पावसाळ्यात वढा येतो तेवढाच. बसला व्हता तर बसायचं व्हतं. बाकीचे दोघं उभं राहिलं न्हाय का? तेंच्या आया आज दिवाळी करतायत." तिचा आवाज चढत गेला. "ऐकत नव्हता म्हनून गेला, तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. जलमभर घातल्या असत्या. आता काय करू? आता शिव्याबी कुनाला घालू?"

नलू उठली. हाताला कोकोचं काळं पीठ तसंच होतं. ती ओटी ओलांडून सरळ पाहुण्यांच्या खोलीकडे गेली. सुचिता तिच्यामागे धावली.

खोलीत ऋत्विकचा मोठा भाऊ त्याला न्यायला आला होता, पिशवी भरत होता. ऋत्विक कॉटवर बसला होता. नलू त्याच्यासमोर उभी राहिली.

"तो तुज्यामागं आला व्हता का रे?"

"काकी, आम्ही पोलिसांना सगळं सांगितलंय," भाऊ मध्ये पडला.

"तुला न्हाय इचारलं."

ऋत्विकने तिच्या हातांकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या सुचिताकडे. त्याला कळलं.

"ट्यूब त्याच्याजवळ पडली होती, काकी," तो म्हणाला. "त्याने माझ्याकडे ढकलली. मी धरली. मी त्याला हात द्यायला पाहिजे होता. मला काही सुचलंच नाही. मी फक्त ती धरून ठेवली."

भाऊ त्याला गप्प करायला गेला, पण तो बोलतच राहिला. दारूचं बाहेर येईल, नोकरी जाईल, केस होईल, म्हणून तिघांनी मिळून तसं ठरवलं होतं. निकेत आता सांगायला येणार नव्हता.

नलूने हात उचलला. सगळ्यांना वाटलं, ती मारणार. पण तो हात तिने भिंतीला लावला आणि तशीच उभी राहिली. भिंतीवर काळा डाग उठला.

"मला तुज्याकडं बघवत न्हाय," ती म्हणाली. "आई हाय ना तुजी? जा. माज्या म्होरनं जा."

किनाऱ्यावरून रामचंद्र आले तेव्हा त्यांना गणराजने सांगितलं. गप्प राहा म्हणणारा तोच, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. रामचंद्र ऐकत असताना ताठ होत गेले. "म्हंजे वाचवायला गेला," ते म्हणाले. "प्यालेला नव्हता. वाचवायला गेला." त्यांनी भावाला फोन लावला आणि तेच मोठ्याने सांगितलं. मग मेव्हण्याला. मग निघायच्या तयारीत अंगणात उभ्या असलेल्या ऋत्विकला घेऊन पोलीस चौकीत गेले आणि आधीचं सगळं बदलून नव्याने लिहून घ्यायला लावलं. दोन दिवस वाकलेला माणूस ते करताना चालत होता, बोलत होता, पाणी मागून पीत होता. नलू ओटीवरून ते बघत होती. नवऱ्याला आधार मिळाला होता आणि तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नव्हतं.

ती पुन्हा स्वयंपाकघरात आली. उरलेलं पीठ संपवलं. सुचिताशी एक शब्द बोलली नाही.

समुद्राने त्याला नांदगावच्या अंगाला परत दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मच्छीमारांचा गणराजला फोन आला. नलू म्हणाली, मी येते. सगळ्यांनी नको म्हटलं. ती जाऊन गाडीत बसली, म्हणून सुचिताही बसली.

वाळूवर त्याला ताडपत्रीखाली ठेवलं होतं. गणराज आधी जाऊन बघून आला आणि त्याने रामचंद्रांना बाजूला घेतलं. "काका, तोंड बघू देऊ नका त्यांना," तो म्हणाला. "मासे असतात." रामचंद्रांना पुढे जाववेना. नलू गेली. तिने तोंडावरची ताडपत्री उचलली नाही. पायाकडची उचलली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, तिच्या स्वतःच्या पायासारखीच. तिने त्या पायाला चिकटलेली वाळू पदराने पुसली. दोन्ही पाय पुसले. मग तिथेच बसून तिने त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. मोठ्याने, लहान मुलाला घालतात तशा. गाढवा, मेल्या, तुला किती येळा सांगितलं व्हतं. मच्छीमार टोप्या काढून उभे होते. कुणी तिला अडवलं नाही.

ते त्याला गावी घेऊन गेले.

सुचिताने ऑर्डर पोचवली. न पोचवून काय करणार होती? रिसॉर्टच्या माणसाने डबा उघडून बघितला आणि म्हणाला, या वेळी सगळ्या एकसारख्या झाल्यात, एकही फुटलेली नाही. ती हो म्हणाली आणि परत आली.

खोलीतल्या भिंतीवरचा डाग गणराजने चुना लावून घालवला. पोलिसांच्या फेऱ्या झाल्या, त्यालाही बोलावलं, तुमच्या आवारात दारू कशी प्यायले म्हणून विचारलं. त्या दिवाळीत बरेचसे पाहुणे फिरकले नाहीत. त्याने सुचिताला दोष दिला नाही, पण काही दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला.

थंडीत एकदा दुपारी नलूचा फोन आला. तिने नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

"गावात बोर्ड लावलाय त्याचा," ती काही प्रास्ताविक न करता म्हणाली. "रस्त्यावर, मोठा. फोटू नि खाली लिवलंय, मित्रासाटी प्रान दिला. हे रोज जाऊन बघून येतात. पुढारी आला, शाल घातली आमाला. मी त्या रस्त्यानं जात न्हाय. शेताच्या बांदावरनं जाते."

"मावशी, मी सांगायला नको होतं का?"



"मला ठावं न्हाय," नलू म्हणाली. "तू न्हाय सांगितलं असतं तर हे दारूपायी खाली मान घालून मेले असते. सांगितलं तर मी मेले. काय बोलू तुला?" मग तिने विचारलं, "पोरं येतात का अजून?"

"येतात."

"पान्यात जातात?"

"जातात, मावशी. सांगूनही जातात."

"मग तू माज्या पोराचं नाव सांग तेन्ला. मेला म्हनून सांग. शूर व्हता बिर व्हता, ते नको सांगू. नुसता मेला म्हनून सांग. ऐकंल एखाददुसरा."

तेव्हापासून सुचिता सांगते. नवे पाहुणे गाडीतून उतरले, खोलीत सामान टाकून टॉवेल घेऊन निघाले की ती फाटकाशी जाते आणि सांगते, इथे निकेत नावाचा मुलगा बुडून मेला, तुमच्याच वयाचा, परवा परवाची गोष्ट आहे. कुणी चपापतं. कुणी सॉरी म्हणतं आणि पुढे जातं. एका कुटुंबाने बाईने मुलांना घाबरवलं म्हणून सामान परत गाडीत भरलं आणि पलीकडच्या वाडीत खोली घेतली. गणराज तिला म्हणाला, हे बंद कर, धंदा बसेल आपला.

"बसू दे," ती म्हणाली.

तो चिडून आत गेला. ओव्हनमध्ये ट्रे होता, पण अंगणात नवी गाडी शिरत होती आणि आतली मुलं उतरायच्या आधीच समुद्र कुठल्या बाजूला म्हणून विचारत होती. सुचिताने पदराला हात पुसले आणि फाटकाकडे चालायला लागली.